सुमनमावशी त्या दाराशी काय बोलल्या

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं काहीही मानायची आमच्या घरात सोयच नव्हती. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. गावाबाहेर एक चिंच होती, तिच्याखालून भर दुपारी कुणी जायचं नाही अशी समजूत. वडिलांनी मला आणि भावाला नेमकं दुपारी बाराला तिथे नेऊन डबा खायला बसवलं. काही झालं नाही... भावाला मुंगळे चावले, तेवढंच. असल्या घरात वाढलेली मी. या सदरातले अनुभव मी आवडीनं वाचते, पण खरं सांगायचं तर मनातल्या मनात हसतही असते. आज मीच लिहायला बसलेय. कारण जे झालं ते रविवारी सकाळी पावणेअकराला, लख्ख उजेडात झालं आणि तिथे मी एकटी नव्हते.

मी नाशिकमध्ये एका फार्मसी कॉलेजच्या ऑफिसात आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही. मखमलाबादच्या पुढे, द्राक्षाच्या बागा लागतात त्या अंगाला आहे, एवढं पुरे. आमच्याकडे परदेशी मुलंमुली शिकायला येतात, आफ्रिकेतून, नेपाळमधून. त्यांच्यासाठी 'परदेशी विद्यार्थी कक्ष' आहे. कक्ष म्हणजे खिडकीपाशी एक टेबल, एक कपाट आणि मी. पोलिसांकडची नोंदणी, बँकेचं खातं, सिमकार्ड, हॉस्टेलची खोली... सगळं याच टेबलावर. आपली पोरं परदेशी जातात तेव्हा आपल्याला केवढी काळजी लागते. इथे येणाऱ्यांसाठी नाशिकच परदेश, हे मला या नोकरीत कळलं.

अडीच वर्षांपूर्वी ग्रेस आली, मलावीची. वय एकोणीस. व्हिसाला वेळ लागला, म्हणून ती पोचली तेव्हा वर्ग सुरू होऊन महिना झालेला. शिकवणं इंग्रजीत, असं माहितीपत्रकात छापलेलं असतं. पण आमचे सर अर्धा तास इंग्रजीत बोलायचे आणि नेमका अवघड मुद्दा आला की, "म्हणजे काय होतं बघा..." करून मराठीत शिरायचे. वर्ग हसायचा, मान डोलवायचा. ही वहीत रिकामी जागा सोडायची. एकदा तिनं मला ती वही दाखवली. दर पानावर दोन-तीन ओळी कोऱ्या. मी सरांशी बोलले, एका मुलीला तिच्या शेजारी बसायला सांगितलं, थोडा फरक पडला. पण रस्त्यात लोक टक लावून बघतात, विचारल्याशिवाय सेल्फी काढतात, त्याचं मी काय करणार होते?

खरी काळजी घेतली ती सुमनमावशींनी. मावशी हॉस्टेलची मेस चालवतात. सटाण्याकडच्या एका खेड्यातल्या, शिक्षण चौथीपर्यंत. जिल्ह्याबाहेर गेल्या असतील तर एखाद्या लग्नालाच. शहरात येऊन वीस वर्षं झाली तरी बोलणं अहिराणीच. कुठल्या मुलीला तिखट चालत नाही, कोण अंडं खात नाही, कोणाची परीक्षा असली की जेवण जात नाही... कुठे लिहिलेलं नाही, सगळं डोक्यात. ग्रेस आली तेव्हा पहिले आठ दिवस ती नुसता भात आणि केळी खात होती. मावशींनी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि हातवारे करून विचारलं, तुझी आई काय करते खायला? तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. मक्याच्या पिठाचा घट्ट, पांढरा गोळा. त्याला तिकडे न्सिमा म्हणतात.

मावशी हसल्या. "हाऊ तं आमना घाटा शे," म्हणाल्या. पुढच्या रविवारी भावाकडून पांढऱ्या मक्याचं पीठ मागवलं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा ग्रेसचं वेगळं पातेलं चढायचं. मावशींना तो शब्द काही म्हणता येईना, त्या सरळ 'सीमा' म्हणायच्या. दारातूनच सांगायच्या, आज सीमा शे. मी बाईंना तेव्हापासूनच मानते. पुढे जे झालं ते झालं नसतं, तरी मानलं असतं.

ऑक्टोबर लागला. रविवारी सकाळी मला रेक्टर देवरे मॅडमचा फोन आला. देवरे मॅडम शिस्तीच्या, उगाच घाबरणाऱ्यातल्या नाहीत. ग्रेस शुक्रवार संध्याकाळपासून खोलीबाहेर आली नव्हती. सोबतची मुलगी गावी गेलेली. दार वाजवलं की आतून एवढंच उत्तर, "आय ॲम फाइन." शनिवारी आवाज ठीक होता, आज सकाळी फार बारीक आला. आणि गेल्या अर्ध्या तासात तर आलाच नव्हता.

मी स्कूटी काढून निघाले. हॉस्टेलचा तिसरा मजला, जिन्यापासून शेवटची खोली. व्हरांड्यात ऊन आलेलं, कठड्यावर कपडे वाळत होते. मी इंग्रजीत हाका मारल्या. तुला कुणी रागावणार नाही म्हटलं. नुसती कडी काढ म्हटलं. काही नाही. दाराला कान लावला तर आतून जड श्वास ऐकू येत होता. मॅडमनी वॉचमनला सुताराला आणायला पिटाळलं. मी दोनदा खांद्यानं दार ढकलून पाहिलं, ते हललंसुद्धा नाही. पोरीच्या आईला आपण काय सांगणार, हाच विचार डोक्यात.

तेवढ्यात मावशी वर आल्या. हातात वाडगा, त्यात पातळ केलेला घाटा. हात पिठाचे. आम्हाला जरा बाजूला व्हायला सांगितलं आणि त्या चक्क उंबऱ्याशी फरशीवर बसल्या, मांडी घालून. वाडगा शेजारी ठेवला. डाव्या हाताचा तळवा दारावर टेकवला आणि बोलायला लागल्या.

आवाज त्यांचाच होता. पण मावशींचं बोलणं भराभर असतं, एका दमात चार वाक्यं. हे तसं नव्हतं. संथ, हेल काढून, प्रत्येक वाक्याचा शेवट जरा वर उचललेला. मला वाटलं, अहिराणीतली काही जुनी बोली असेल. शब्द कळत नव्हते. एकच शब्द दोनदा आला म्हणून कानात राहिला... लुसुंगू. मुलांना लाडानं काही म्हणत असतील, असं वाटलं. अर्धं मिनिट बोलल्या असतील. मग थांबल्या, आणि हात तसाच दारावर.

आत काहीतरी सरपटल्यासारखा आवाज झाला. कडी वाजली. दार उघडलं तेव्हा ग्रेस जमिनीवर गुडघ्यांवर होती. उभं राहायची ताकदच नव्हती. तिनं आमच्याकडे पाहिलंही नाही. मावशींच्या मांडीत डोकं घातलं आणि रडायला लागली. अंग नुसतं भाजत होतं.

तिला तशीच दवाखान्यात नेली, डेंग्यू निघाला. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस काढला असता तर अवघड होतं.

तिनं दार का लावून घेतलं होतं, तेही तिथेच कळलं. मुलांच्या कुठल्याशा ग्रुपवर मेसेज फिरला होता, की परदेशी विद्यार्थी आजारी पडला तर व्हिसा रद्द होतो, शिष्यवृत्ती जाते, परत पाठवतात. साफ खोटं. पण ते खोटं आहे हे सांगायचं काम माझं होतं, आणि मी ते केलं नव्हतं. हे मला आजही लागतं.

दवाखान्यात मी आणि मावशी आळीपाळीनं थांबायचो. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. दुपारी मी संत्रं सोलून देत होते, तेव्हा ग्रेसनं विचारलं, मावशींना माझं नाव कुणी सांगितलं?

मी म्हटलं, नाव तर सगळ्यांनाच माहीत आहे, ग्रेस.

"ते नाही मॅम," ती म्हणाली. "लुसुंगू."

माझ्या हातातलं संत्रं तसंच राहिलं.

मग तिनं सांगितलं. आई शहरात नोकरीला, त्यामुळे ती बारा वर्षांची होईपर्यंत उत्तरेकडे, तळ्याकाठच्या गावात आजीजवळ वाढली. आजीची बोली वेगळी, शहरातल्या भाषेहून वेगळी. त्या बोलीत लुसुंगू म्हणजे ग्रेस, कृपा. त्या नावानं फक्त आजी हाक मारायची. आजी गेली, तेव्हापासून कुणी नाही. आईसुद्धा ग्रेसच म्हणते. इथे तिनं हे नाव एकालाही सांगितलं नव्हतं. आणि नुसतं नाव नाही... दाराबाहेरून जे बोलणं आलं ते सगळं आजीच्या बोलीत होतं.

तापात माणसाला काहीही ऐकू येतं, हे मलाही कळतं. मी तिला तसं म्हणणारही होते. पण ताप तिला होता, मला नव्हता. आणि तो शब्द मी ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडल्या उघडल्या तिची फाइल काढली. पासपोर्ट, जन्मदाखला, शाळेचे दाखले, शिष्यवृत्तीचं पत्र, मीच भरून घेतलेले फॉर्म... एकेक कागद पाहिला. ते नाव कुठेही नव्हतं.

मग देवरे मॅडमकडे गेले. त्या देवळ्याच्या, माहेरी अहिराणीच. माझं बोलणं पुरं व्हायच्या आधी त्या म्हणाल्या, "ती अहिराणी नव्हती, वंदना. मी त्याच वेळी तुमच्याकडे बघितलं होतं, आठवतं? मला वाटलं, तुम्हाला कळतंय."

राहिल्या मावशी. त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. मी शेजारी बसले आणि विचारलं, त्या दिवशी दाराशी तुम्ही नक्की काय बोललात?

"काय बोलसू?" त्या म्हणाल्या. "उघाड वं माय, घाटा थंडा व्हई ऱ्हायना... इतलंच बोलनू."

लुसुंगू म्हणजे काय, विचारलं. त्यांनी तो शब्द कधी ऐकलाच नव्हता. दोनदा म्हणून पाहिला, नीट जमेना. मी फारच खोदून विचारायला लागले तेव्हा मेथीची एक जुडी माझ्यापुढे सरकवली. बसलीच आहेस तर निवड, असा अर्थ.

ग्रेस आता तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी एक विषय राहिला, तो पुढे निघाला. मराठी चांगलं बोलते, म्हणजे अहिराणी मिसळलेलं. भाजीवाल्याशी घासाघीस करताना ती 'लय महाग शे' म्हणते तेव्हा तो हसून दर कमी करतो. नवीन मुलंमुली आली की पहिल्याच दिवशी मी स्वतः सांगते, आणि कागदावर लिहूनही देते, की आजारी पडलात तर कुणी परत पाठवत नाही, आधी मला फोन करा. ग्रेस तेच पुन्हा आपल्या पद्धतीनं सांगते. मावशी त्यांना काय खाता ते विचारतात. आमच्या कक्षाचं काम असं चालतं, आणि त्यातलं अर्धं श्रेय चौथी शिकलेल्या एका बाईचं आहे, हे मी प्राचार्यांनाही सांगितलंय.

एक सांगायचं राहिलं. ग्रेस बरी झाल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत, तिच्या आईनं व्हिडिओ कॉल केला. तिला मावशींना बघायचं होतं. स्वयंपाकघरातच, ओट्यावर फोन टेकवून बोलणं झालं. ग्रेस मध्ये, मावशी तिच्या डावीकडे, मी उजवीकडे. आईनं विचारलं, ते शब्द पुन्हा म्हणाल का? मावशींनी लाजत लाजत आपलं 'उघाड वं माय' म्हटलं. आई हसली, पण तिची निराशा दिसली.

तेव्हा मला काय वाटलं कुणास ठाऊक, माझ्या कानात जेवढं राहिलं होतं तेवढं मी म्हणून दाखवलं. शब्द नव्हेत, शब्द मला कुठले येणार... नुसता हेल, दोनदा ते नाव, आणि शेवटी वर गेलेला सूर. आईनं तोंडावर हात ठेवला. मग माझं अर्धवट राहिलेलं तिनं पुरं केलं. तीच चाल, जशीच्या तशी.

ग्रेसनं अर्थ सांगितला. लहानपणी ती रुसली की धान्याच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. आजी कधी दार ठोठावायची नाही, ओरडायची नाही. बाहेर जमिनीवर बसायची आणि म्हणायची, लुसुंगू, मी इथेच बसलेय, मला कुठे जायचं नाही, तुला वाटेल तेव्हा उघड, लुसुंगू.

फोन ठेवताना आई एकच वाक्य बोलली, ते ग्रेसनं आम्हाला मराठीत सांगितलं.

"आई म्हणते, त्या दोघींना थँक यू सांग."

मी म्हटलं, अगं, माझे कसले आभार मानायचे, सगळं मावशींनी केलं.

ग्रेस माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅम, ती तुमच्याबद्दल नाही बोलली."

मावशी तोवर उठून पुऱ्या तळायला लागल्या होत्या. याच्यावर मी खूप डोकं खाजवलंय, वडिलांनी शिकवलेले सगळे प्रश्न विचारून झालेत. उत्तर मिळालेलं नाही.