दहापैकी पाच

फिजिओथेरपीच्या खोलीत चेहऱ्यांचा एक तक्ता आहे. पहिला हसरा, शेवटचा रडवेला, खाली शून्य ते दहा आकडे. पाठदुखी सुरू झाल्यापासून दर खेपेला मला त्यावर बोट ठेवायचं असतं. मी पाचावर ठेवते. कमी सांगितलं तर उपचार थांबतील, जास्त सांगितलं तर कुरकुर वाटेल. पाच म्हटलं की पुढच्या कामाला लागता येतं.

खरं तर त्यात माझा चेहरा नाही. काहीच वाटेनासं झालेल्या माणसाचा चेहरा कुणी काढलेलाच नाही. रोजचं दुखणं पंख्याच्या घरघरीसारखं होतं. ते मोजायला आधी ऐकू यावं लागतं.

काल फिजिओथेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, "पाचच ना? मग आता घरीच व्यायाम करा. इथे यायची गरज नाही."

"बरं," म्हणत मी खाली ठेवलेली पर्स पायाने जवळ ओढली.

माझा नवरा सुधीर एरवी तिथे मोबाइल बघत बसतो. त्याने पर्स उचलून माझ्या हातात दिली.

"मॅडम, हिचं पाच धरू नका. घरात काही पडलं की ते तिथेच राहतं. कपड्यांचे चिमटे, कंगवा, परवा तर पोळी. संध्याकाळी आल्यावर मी उचलतो."

"कधी बोलला नाहीस," मी म्हटलं.

"तू तरी कुठे बोललीस?"

मॅडमनी तक्ता पुन्हा पुढे केला. माझं बोट सवयीने पाचावर गेलं. सुधीरने ते धरून आठावर नेलं. मी ते तिथेच राहू दिलं.