कोपऱ्यातला निळा ठिपका

भुताखेतांच्या गोष्टी वाचायला मजा येते, पण विश्वास? छ्या! मी इलेक्ट्रॉनिक्सवाला माणूस. काही आपोआप चालू झालं की मी आधी वायर बघतो. म्हणून हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण या ग्रुपवर मशीनवाले लोकही वाचतात, कुणाला तरी काही सुचेल.

सोलापुरात साखर पेठेत आमचं घर. अक्कलकोट रोडला माझं छोटं वर्कशॉप — टॉवेलच्या मागांचे कंट्रोल पॅनल बनवतो. आम्ही तेलुगू विणकर, वडिलांना नान्ना आणि आईला अम्मा म्हणतो. मागाच्या खडखडाटात जन्म गेलेला, त्यामुळे नान्नांचा आवाज लई मोठा. मी घरात पाऊल टाकलं की अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारायचे, "तिन्नावा?" जेवलास का? वैताग यायचा हो मला! कामाच्या नादात मी बहुतेक उपाशीच असायचो.

मग अर्धांगवायूचा झटका आला आणि तो आवाजच गेला. डावा हात तेवढा हलायचा.

त्यांच्यासाठी मी एक डबा बनवला. पडून असलेला जुना कॉम्प्युटर बोर्ड, छोटा टचस्क्रीन, पायथनमधला प्रोग्राम. पाणी, औषध, दुखतंय, बाथरूम अशी मोठी बटणं. दाबलं की 'टुक' वाजणार आणि बोट पडेल तिथं निळा ठिपका उमटणार, म्हणजे मला टेस्टिंगला सोपं.

आता स्क्रीनवर बटणं दाखवायला टूलकिट, म्हणजे तयार सॉफ्टवेअर, कुठलं घ्यायचं? पायक्यूटी देखणं, पण आमच्या बोर्डाला जड. सुरू होईपर्यंत माणसाची तहान मरायची. किव्ही टचला छान, पण तेही त्या म्हाताऱ्या बोर्डावर धापा टाकायला लागलं. शेवटी टीकेइंटर... दिसायला गबाळं, पण हलकं आणि झटपट.

गंमत अशी, की तिन्हींत एकच घोळ. नान्ना वरच्या उजव्या कोपऱ्यात दाबायचे. तिथं बटणच नव्हतं! मी आधी टूलकिटला शिव्या घातल्या, मग कॅलिब्रेशन, म्हणजे बोट आणि ठिपका जुळवायचं काम, पुन्हा पुन्हा केलं. ठिपका तिथंच.

"नान्ना, तिथं काही नाहीये हो!" एकदा मी ओरडलोच. त्यांनी माझ्याकडं बघितलं. हात कष्टानं उचलला आणि परत तिथंच दाबलं.

"तू आलास कीच दाबतात बघ," अम्मा म्हणाली. "माझ्यापाशी नीट पाणी मागतात की."

मी आल्यावर हात थरथरत असेल, असं मी धरून चाललो. थोड्याच दिवसांत नान्ना गेले.

डब्याची टचची काच, म्हणजे बोटाचा स्पर्श ओळखणारी, मी काढून एका गिऱ्हाइकाच्या पॅनलला बसवली. नुसता स्क्रीन फळीवर चालू राहिला, कारण अम्मा बंद करू देईना. "उजेड दिसतो रे त्याचा," म्हणायची.

तेरावं झालं. संध्याकाळी वर्कशॉपवरून आलो, चपला काढल्या... टुक.

वरच्या उजव्या कोपऱ्यात निळा ठिपका. टचची काच नाही, माऊस नाही, काहीच जोडलेलं नाही! प्रोग्राम तपासला, वायरी बदलल्या, पॉवर सप्लाय बदलला. तरी मी दारात आलो की टुक. अम्मा दिवसभर घरात असायची, तेव्हा कधीच नाही.

एके दिवशी अम्मा पदरानं डोळे पुसत म्हणाली, "अरे, तू आल्यावर ते काय विचारायचे?"

मी स्क्रीनवरची बटणं एकेक करून वाचली. सगळी बटणं मी मागण्याची केली होती. पाणी मागा, औषध मागा. त्यांना माझ्याकडं काही मागायचंच नव्हतं... विचारायचं होतं.

त्या कोपऱ्यात मी बटण केलं — 'तिन्नावा?' दुसऱ्या दिवशी दारात आलो. टुक. ते बटण दाबलं गेलेलं मी या डोळ्यांनी बघितलं.

"नाही नान्ना, अजून नाही," म्हणालो आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडलो. अम्मानं ताट वाढलं.

त्यानंतर एकदाही वाजलं नाही. कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही, तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर सांगा. आता मी वेळेवर जेवतो, म्हणून थांबलं असेल का?

कधी कधी मुद्दाम उपाशी घरी येतो. चपला काढतो आणि दारातच जरा वेळ उभा राहतो... काहीच वाजत नाही.