शांतवनचा वाढीव दोर

काष्टी गावचा रंगारी शांतवन घेतलेल्या मालावर आणखी काही फुकट मागितल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नसे. भाजी घेतली की कोथिंबीर, चप्पल घेतली की पॉलिश. पाण्याच्या टाक्या रंगवणाऱ्या या माणसाला बायकोने, मरियाने, दमदाटी करून एकदाचं सेफ्टी बेल्ट आणायला धाडलं. दुकानदार बेल्टला सहा फुटी दोर जोडून देत होता. शांतवनने तासभर हुज्जत घालून त्याच पैशांत तीस फुटी दोर पदरात पाडून घेतला आणि मिशीला पीळ देत घरी आला.

मरियाने दोर अंगणात पसरून मोजला.

“उद्याची टाकी किती उंच हाय?”

“वीस फूट.”

“म्हंजे तुमी भुईवर आपटल्यावरबी दहा फूट उरतोय. बरं झालं, तेवढ्यात माझी शेळी बांधून हुईल.”