ब्रेकवरचा पाय

धाराशिवहून येरमाळ्याच्या शाळेत मी रोज ज्या जीपनं जातो, तिच्या ड्रायव्हरचं नाव मला अजून ठाऊक नाही. तो मला गुरुजी म्हणतो. बोलतो माझ्याशी, पण नजर आरशात असते. रस्त्यात गाडी थांबली, की मागं दुसरी गाडी येऊन उभी राहीपर्यंत तो ब्रेकवरचा पाय काढत नाही. ती थांबली, की मग हँडब्रेक ओढून पाय काढतो. "उगं मागच्याच्या डोळ्यात ब्रेकचा लाल उजेड कशाला?" म्हणतो.

परवा सकाळी घाटात दाट धुकं होतं. पुढं टँकर बंद पडल्यानं रांग लागलेली, आणि वळणावर आमची जीप सगळ्यात शेवटी. बराच वेळ गेला.

"पाय अवघडला असेल तुमचा. ओढा की हँडब्रेक," मी म्हणालो.

"मागं कुणीच न्हाय अजून, गुरुजी."

तेवढ्यात धुक्यातून एक ट्रक वेगानं आला. आमचे मागचे लाल दिवे दिसताच त्यानं करकचून ब्रेक मारला आणि हातभर अंतर राखून थांबला.

ड्रायव्हरनं हँडब्रेक ओढला, पोटरी चोळली आणि उतरून ट्रककडं निघाला. आता भांडण होणार म्हणून मीही मागोमाग गेलो.

त्यानं ट्रकच्या दारावर थाप मारली.

"दादा, आता शेवटी तुमी हाय. मागं कुणी थांबस्तोवर पाय काढू नगा."

ट्रकवाल्यानं नुसती मान हलवली. मी ट्रकच्या मागं जाऊन पाहिलं. दोन्ही दिवे लालभडक पेटलेले होते.