आत माणसं आहेत

माझ्या नणंदेच्या मुलीइतकी बिनवासाची बाई पेडण्यापासून काणकोणापर्यंत शोधून सापडणार नाही. पावडर नाही, अत्तर नाही, डोक्याला तेल नाही, आणि साबण असा की हातात घेतला तर नदीतला दगड उचलल्यासारखं वाटावं. केसांत माळलीच तर अबोली, कारण देवाने गोव्याला दिलेलं हेच एक फूल असं, की दिसतं आणि गप्प बसतं. ती मूळची इब्रामपूरची, नोकरी पणजीला आणि मुक्काम डिचोलीला आमच्याकडे. मूल न होणाऱ्या जोडप्यांसाठी दवाखाना असतो ना, तिथे काचेच्या बशीत धरलेले गर्भ पाच दिवस सांभाळायचे, हे तिचं काम. पण त्यांना ती गर्भ म्हणत नाही. "आत माणसं आहेत," म्हणते. जणू पलीकडच्या खोलीत पाहुणे झोपलेत आणि आपण इकडे भांडी आपटतोय.

सासूबाई गेल्या तेव्हा या घरातून सोवळंही गेलं, असा माझा समज होता. भाचीने ते दुप्पट कडक करून परत आणलं. ती कामावर निघेपर्यंत उदबत्ती लावायची नाही. कपाटात डांबरगोळ्या ठेवायच्या नाहीत. घराला रंग दिला तेव्हा तिने सरळ हरमलला मैत्रिणीकडे बिऱ्हाड हलवलं. वास केसांत बसून माणसांपर्यंत पोचेल म्हणे. मी फ्रिज उघडून कालचं माशाचं हुमण शोधत असते, ही मागे उभी राहून, दवाखान्यातल्या उबेच्या कपाटाशी मोजते तसे, मनात आकडे मोजते, आणि पाचाच्या पुढे गेलं की माझ्या खांद्यावरून हात येऊन दार लोटतो. मी म्हणायचे, बाय, यात हुमण आहे, माणसं नव्हेत. ती हसायची, पण दार लोटायचीच.

हे मला फार टोचायचं, कारण तरुणपणी मी वासाशिवाय उंबरठा ओलांडलेला नाही. अर्धा डबा पावडर, कानात अत्तराचा बोळा, आणि वेणीवर जायांची, म्हणजे जाईच्या कळ्यांची, एवढी मोठी फाती की मी बसमध्ये चढले की मागच्या बाकावरचे खाणीतले कामगार शिंकायला लागायचे. मला वाटायचं, माझं रूप बघून माना वळताहेत. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हाही मी तशीच नटून तिन्हीसांजेची तळीवर हवा खायला गेले. तिसऱ्या महिन्यात ते गेलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "वासाची फुलं माळून तिन्हीसांजेची बाहेर पडलीस." पुढे मुलगा झाला आणि मी पुन्हा जाया माळू लागले, आधीपेक्षा मोठ्या. आतून भ्यालेली बाई असंच करते.

त्या मुलाला आणि सुनेला सात वर्षं मूल नाही. भाचीच्याच दवाखान्यात दोन प्रयत्न फसले. तिसरा शेवटचा, असं दोघांनी ठरवलेलं. मी शहाणी, सुनेला सांगायचे, "ताण घेऊ नको गो, ताणानेच राहत नाही." सकाळी पोदेर पाव देऊन गेला की पावाबरोबर, दुपारी पेजेबरोबर, संध्याकाळी चहाबरोबर. एके दिवशी भाचीने कप खाली ठेवला.

"मामये, तो ताण हिच्या मनाचा नव्हे. तो पेशींचा ताण. चार पेशींचा जीव तो. ऊब थोडी चढली, हवा बिघडली, कधी आतलंच काही चुकलेलं असलं, की वाढायचं सोडून तो स्वतःला दुरुस्त करत बसतो. दुरुस्ती जमली तर पुढे जातो, नाहीतर थांबतो. हिने रडण्या-न रडण्याचा तिथे काही संबंध नाही. हे पुन्हा हिला सांगू नकोस."

सून उठून आत गेली. न्हाणीतला नळ बराच वेळ चालू होता.

श्रावणात त्यांचे तीन गर्भ धरले. तिसऱ्या दिवशी दोन थांबले. उरला एक. पाचव्या दिवशी तो सुनेच्या पोटात ठेवायचा होता. त्या सकाळी मी देवळात प्रसाद लावला. देवीच्या अंगाला पाकळ्या चिकटवतात आणि उजवी पडली तर होकार समजतात. उजवीच पडली. त्या भरात मी देवीच्या अंगावरची जायांची फातीही मागून घेतली आणि दहा वाजता पणजीला थेट भाचीच्या काचेच्या दाराशी. दार बोटभर उघडलं. टोपी आणि मास्क यांच्यामध्ये नुसते डोळे.

"मामये, मागे सर. आत माणसं आहेत."

मी मागे सरले. थोड्या वेळाने डॉक्टरांनी मुलाला आणि सुनेला बोलावून सांगितलं, तोही थांबला.

त्यानंतर मी फुलाला हात लावला नाही. तळीवरच्या जाया आणि पणजीच्या दारातल्या जाया डोक्यात एक झाल्या होत्या. दहा-बारा दिवसांनी भाची कपड्यांच्या घड्या करत बसली होती, तेव्हा विचारून टाकलं, माझ्या फुलांनी झालं का.

"नाही. मी सातला पाहिलं तेव्हाच थांबलेला होता. तू दहाला आलीस."

"मग मला मागे का सारलंस?"

"आत दुसऱ्यांची होती ना."

म्हणजे तीन तास ही एकटी ते मनात ठेवून काम करत होती. मी तिच्या घड्यांकडे बघत राहिले आणि मग विचारलं, आणि माझं पहिलं?

तिने परकराची घडी मोडली, पुन्हा घातली. "आता नक्की कोण सांगणार? पण बहुतेक असंच, आतलंच काही चुकून थांबलं असेल. फुलांचा वास तिथवर पोचत नाही, मामये."

पन्नास वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही कोणाला विचारलं नव्हतं.

गणपतीच्या चवथीला त्यांची लॅब धुऊन-पुसून घ्यायला आठवडाभर बंद ठेवतात. बंद झाली त्या संध्याकाळी सून देवासाठी सोप्यावर जाया ओवत बसली होती. भाची आली, केसांतली अबोली काढून बाजूला ठेवली आणि माझ्यापुढे पाठ करून बसली.

"मामये, यातली एक फाती मला माळ."

"तुला चालते?"

"आज आत कोणी नाही."

सुनेचा हात थांबला. मग तिने दाताने दोरा तोडला आणि ओवत होती तीच फाती माझ्या हातात दिली. मी ती माळली. वास सगळ्या सोप्यावर पसरला, आणि आम्ही तिघी तो घेत बसलो.