काकांचं विजेचं धोपाटणं

जगातली कोणतीही वस्तू कुठली, कशाची आणि कोणाच्या हातची, हे आमचे काका छातीठोकपणे सांगत. बहुतेक वेळा ते चुकत, पण सांगताना कधी अडखळले नाहीत. काका म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे चुलते. मी लग्न होऊन जव्हारला आले त्याच दिवशी त्यांनी माझ्या ट्रंकेवर टिचक्या मारल्या, कुलपाचा वास घेतला आणि "जर्मन माल" असा निकाल दिला. ती ट्रंक माझ्या वडिलांनी नाशकात लोहाराच्या समोर बसून करवून घेतली होती. मी तसं नम्रपणे सांगितलं. "तुझ्या वडिलांना फसवलं, सूनबाई," काका म्हणाले. "जर्मन माल देशी म्हणून गळ्यात मारला."

टिचकी, वास आणि जीभ या क्रमाने त्यांची परीक्षा चाले. जीभ फक्त धातूला. मोखाड्याच्या एका लग्नात त्यांनी व्याह्यांच्या चांदीच्या तांब्याला जीभ लावून पाहिली आणि "जस्त" असं काकूंच्या कानात सांगितलं. काकांचं कानात सांगणं मांडवाच्या दारापर्यंत ऐकू जाई. त्यानंतर त्या घरची आमंत्रणं आम्हांला लग्न उरकल्यावर मिळू लागली.

हा मोठा आवाज त्यांच्या नोकरीने दिला होता. संस्थान होतं तेव्हा काका राजवाड्यातल्या विजेच्या इंजिनावर होते. वर्षानुवर्षं त्या धडधडीशेजारी उभं राहून त्यांचे कान निम्मे गेले. एकदा वाड्याच्या हिरवळीवर मुंबईच्या कोणा पाहुण्याने विजेची गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवली. ती जिच्यावर वाजली ती वीज काकांची. पण काका इंजिनाच्या खोलीत, त्यांना काय ऐकू येणार! शेवटी इंजिन बंद करायचा निरोप आला. त्यांनी ते बंद केलं, दिवे गेले, आणि शेवटचा सूर तेवढा क्षणभर मागे राहून हळूहळू बुडाला. "वीज गेली तरी तो थांबला होता, सूनबाई," ते मला सांगत. ते वाद्य एकदा पुरतं ऐकायचं, एवढीच एक इच्छा त्यांनी त्या दिवसापासून धरली. दुसरी कुठलीही इच्छा मी त्यांच्या तोंडून ऐकली नाही. जेवणाची सोडून.

पुढे संस्थान विलीन झालं, इंजिन थंडावलं आणि काकांना मामलेदार कचेरीत कारकून म्हणून घेतलं. जुन्या सामानाचा लिलाव झाला. इतर लोकांनी खुर्च्या, हंड्या, आरसे घेतले. काकांनी पंच्यात गुंडाळून एक तारा लावलेली फळी आणली.

काकूंनी ती उलटसुलट पाहिली. "वाड्याचा लिलाव, आणि तुम्ही धोपाटणं आणलंत?"

"गिटार आहे ही. विजेची."

"मग विजेचं धोपाटणं म्हणा. पण गोधडी ह्यानेच धुणार मी."

दिसायला ते खरोखरच मूठ असलेल्या धोपाटण्यासारखं होतं. मुठीच्या टोकाला कारखान्याच्या नावाची पट्टी असावी, तिथे नुसती स्क्रूची भोकं उरली होती. काकांनी टिचकी मारली, वास घेतला, तारांना जीभ लावली, आणि मी पाहिलेल्या एवढ्या वर्षांत प्रथमच त्यांना निकाल देता आला नाही. हे वाद्य त्या पाहुण्याने मागे ठेवलेलं, की दुसरंच कुठलं? मग माझ्या इंग्रजीची आठवण झाली. मी बटणांजवळची बारीक अक्षरं वाचली: एक बटण आवाज लहानमोठा करण्याचं, दुसरं त्याचा पोत बदलण्याचं. "इंटरपर्यंत शिकून एवढंच?" काका म्हणाले. आणखी काही लिहिलेलंच नव्हतं, हे कारण त्यांना पटलं नाही.

जव्हारात घरोघरी वीज तेव्हा नव्हती, आणि आवाज मोठा करणारी पेटी लिलावात आलीच नव्हती. बिनविजेची ती फळी वाजवली की गुळावरची माशी गुणगुणावी तसा आवाज निघे, आणि काकांना तेवढाही ऐकू येत नसे. म्हणून त्यांनी दुरुस्त्या सुरू केल्या. तुटलेल्या तारांच्या जागी सायकलच्या ब्रेकच्या तारेतले धागे आले. वाचनालयात बॅटरीवरचा रेडिओ होता, त्याला ही फळी जोडता येईल का म्हणून काका पान्हा घेऊन गेले. काकांनी रेडिओपासून चार हात दूर बसावं, असा वाचनालयाने ठराव केला. मग खोडाळ्याच्या बाजारात त्यांनी तारपा वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याला गाठलं. त्याने फळी हातात घेऊन खालून पाहिली.

"ह्याला पोटच नाय, काका. आवाज राहील कठं?"

"मग पोट लाव."

म्हाताऱ्याने तारप्यासाठी वाळवलेला दुधी दिला. तो लाखेने चिकटवल्यावर माशीचा भुंगा झाला, इतकाच फरक पडला. काकू म्हणाल्या, "कोवळा आणला असतात तर भाजी तरी झाली असती."

शेवटी उपाय त्यांना आपोआप सापडला. तारेवर पोलादी कांडी सरकवताना त्यांनी सहज फळीची कड दातांत धरली, आणि सगळा आवाज थेट डोक्यात शिरला. तेव्हापासून कचेरीतून आल्यावर ते ओटीवर बसून गिटार चावत. नवा पाहुणा आला की काकू शांतपणे सांगत, "वाजवताहेत. चहा घ्या." पण दातांनी ऐकणं हे ऐकणं नव्हे, असं काकांचं म्हणणं. सूर हवेतून यायला हवा.

एका हिवाळ्यात गावात तंबूतला सिनेमा आला. त्यांच्याकडे इंजिन होतं, आवाजाची पेटी होती आणि बांबूवर कर्णा होता. काकांनी मालकाला गळ घातली. खेळापूर्वी गिटार जोडायला तो कबूल झाला. काकांनी नवं धोतर नेसलं. काकूंनी दुध्यावरची धूळ पुसली. आम्ही पुढच्या सतरंजीवर बसलो, तार जोडली गेली, काकांनी कांडी उचलली, आणि इंजिन आचके देऊ लागलं. इंजिनवाला तापाने झोपला होता. सगळा तंबू काकांकडे पाहू लागला.

काका गेले. थोड्या वेळाने दिवे स्थिर झाले, पण काका परत येईनात. इंजिनाची दांडी हाताने धरून ठेवली तरच ते नीट चाले. मालक सांगत आला, "काका म्हणतायत, कुणीही वाजवा. वीज आहे तोवर वाजवा."

काकू उठल्या. पदर खोचून त्यांनी ते धोपाटणं मांडीवर घेतलं आणि त्यांच्या माहेरची जात्यावरची ओवी वाजवली. अगदी सावकाश, एकदाही न चुकता. काका कचेरीत असताना दुपारी त्या काय करत, ते आम्हां सगळ्यांना तेव्हा कळलं. कर्ण्यातून तो सूर तंबूबाहेर, थेट बाजारापर्यंत गेला म्हणतात. फक्त इंजिनापाशी तो पोचला नाही.

घरी येताना काकांनी एवढंच विचारलं, "कसा होता?" मला इंग्रजीतही शब्द सापडला नाही आणि मराठीतही.

सकाळी मी चहा घेऊन ओटीवर गेले. काकू मांडीवर फळी घेऊन बसल्या होत्या.

"धरा दातांत," त्या म्हणाल्या.

काकांनी वाकून कड दातांत धरली. काकूंनी तीच ओवी पहिल्यापासून वाजवली. शेवटचा सूर त्यांनी लांबवला आणि हात उचलला. मला माशीची गुणगुणही ऐकू येईनाशी झाली, तरी काका डोळे मिटून तसेच वाकलेले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी फळी सोडली.

"वाड्यावरची तीच गिटार आहे ही," ते म्हणाले. आणि आयुष्यात प्रथमच हळू बोलले.