सगळे हसले की हसायचं

शेखर खैरनारला ऐकू कमी येतं, हे नाशिकमध्ये दोघांनाच माहीत होतं. एक तो स्वतः आणि दुसरे गंगापूर रोडवरचे कानाचे डॉक्टर.

डॉक्टरांनी तपासून विचारलं होतं, "मशीनवर काम करता का कुठे?"

"नाही. ताशा वाजवायचो."

कॉलेजात गेल्यापासून पस्तिशीपर्यंत तो पंचवटीतल्या एका पथकात ताशावर होता. गणपतीत, रामनवमीला, कुणाच्या वरातीत त्याचा ताशा कडाडला की ढोलवाले त्याच्याकडे बघून हात उचलायचे. कानात बोळे घालणाऱ्याची तेव्हा टिंगल व्हायची. आता वरच्या पट्टीचे आवाज गेले होते, उजव्या कानाचे जास्तच. बायकांचं बोलणं अवघड जाईल, कानाला मशीन लावून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. शेखर "बघतो" म्हणाला आणि ते बघणं राहूनच गेलं.

त्याचं तसं अडतही नव्हतं. अंबडच्या कारखान्यात तो इलेक्ट्रिक पॅनेल जोडायचा. तिथे सगळेच ओरडून बोलत. नाशिक रोडला फ्लॅटवर एकटाच राही. लग्न जमता जमता राहिलेलं, आई सटाण्याला थोरल्या भावाकडे. घरी बोलणारंच कुणी नव्हतं.

बोलणारे होते ते पथकातले दोघं. हर्षल ढोलावर असायचा. आता द्वारका चौकाजवळ त्याचं टायरचं दुकान. आणि मोहिनी, त्यांच्या पथकात ढोल कमरेला बांधणारी पहिली मुलगी, आता बँकेत, नवरा महेशबरोबर नाशिकमध्येच. चाळिशी उलटल्यावर हर्षलनेच टुमणं लावलं. "टूरवाल्याबरोबर म्हातारपणी जाऊच. आत्ता पाठीवर सॅक टाकून निघायचं." व्हिएतनाम ठरलं. आधी फू क्वोक नावाचं बेट, मग बोटीने किनाऱ्याला येऊन बसने वर डोंगरात, दालात नावाच्या गावाला.

बेट सुरेख होतं. नारळ, तापलेली वाळू, हिरवं पाणी. पण ज्या लाकडी बोटीतून ते हिंडले तिच्या इंजिनाने शेखरला कुणाचा शब्द कळू दिला नाही. हर्षल हातवारे करून काहीतरी रंगवून सांगायचा, मोहिनी पोट धरून हसायची, आणि शेखर त्यांच्या तोंडांकडे बघत अर्ध्या क्षणाने त्यात सामील व्हायचा. हे त्याला चांगलं जमू लागलं होतं. सगळे हसले की हसायचं, कुणी गंभीर झालं की मान हलवायची. स्वस्तातल्या हॉस्टेलवर दिवे मालवल्यावर ओठ दिसायचे नाहीत, म्हणून तो झोपल्याचं सोंग घ्यायचा. शेजारच्या पलंगांवर दोघं कितीतरी वेळ बोलत असायचे. त्यातली नुसती गुणगुण त्याच्यापर्यंत यायची. घरी एकटं असताना त्याला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

दालात थंडगार. उंच पाइनची झाडं, उतारावर फुलांची पॉलीहाऊस, स्वेटर घातलेली माणसं. पहिल्याच सकाळी नाश्ता करताना मोहिनी बँकेच्या नोकरीला कंटाळल्याचं सांगत होती. समोरासमोर बसल्यामुळे ते शेखरला बऱ्यापैकी कळलं. हर्षलचं पोट बिघडलेलं, तो खोलीवरच थांबला. बाकी दोघं पाइनच्या रानात फिरायला निघाले.

पायवाट अरुंद होती आणि मोहिनी त्याच्या उजव्या बाजूला आली. ती खाली बघत बोलत होती. वाऱ्याने झाडं सळसळत होती की आपल्याच कानात गुणगुणतंय, हेही त्याला कळेना. बराच वेळ बोलून ती थांबली. शेवटचं "...ओडलं" तेवढं त्याने पकडलं. सोडलं! नोकरी सोडली हिने, त्याने हिशोब जुळवला.

"बरं झालं की गं!" तो मोठ्याने म्हणाला. "सुटलीस एकदाची. आता पार्टी पाहिजे."

मोहिनीने एकदाच त्याच्याकडे पाहिलं आणि भराभरा पुढे चालू लागली.

दुपारी हर्षलने त्याला जिन्यातच गाठलं. "शेऱ्या, डोकं फिरलंय का तुझं? महेश घर सोडून गेलाय. मलासुद्धा आत्ता रडत सांगितलं तिने. पहिल्यांदा तुला सांगितलं, आणि तू पार्टी मागतोस?"

"कुठंय ती?" शेखरने विचारलं. मग गच्चीवर गेला. मोहिनी पुढ्यातली कॉफी गार करत बसली होती.

"मोहिनी, सकाळी मला ऐकू आलं नव्हतं."

"लक्ष नव्हतं म्हण."

"नाही गं. ऐकूच येत नाही. दोन-तीन वर्षं झाली."

तिने कप बाजूला सारला. "बोटीत मी आईच्या आजारपणाचं बोलले, ते?"

"नाही."

"काल बसमध्ये?"

"थोडंसं."

"मग मान कशाला हलवत होतास?"

शेखर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. ती थांबून थांबून बोलू लागली, आता मुद्दाम त्याच्याकडे तोंड करून. "तुलाच का सांगितलं, माहितीये? हर्षल मध्येच तोडतो, सल्ले देतो. तू शांतपणे ऐकून घेतोस, असं वाटायचं मला. इतकी वर्षं."

"परत सांग ना. आत्ता ऐकतो."

"आता नाही होणार रे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

उरलेले दिवस दोघांनी त्याला फार जपलं. समोर येऊन, सावकाश, मोठ्याने बोलायचे. पण विनोद काही ओरडून सांगता येत नाही. हर्षलचे किस्से कमी झाले. 'भूक लागली का', 'बस किती वाजता' एवढंच बोलणं उरलं.

नाशिकला आल्यावर शेखरने मशीन घेतलं. पहिले काही दिवस फ्रिजची घरघर, स्वतःच्याच चपलांचा आवाज, पिशवीची चुरचुर यांनी त्याचं डोकं उठलं. जरा सवय झाल्यावर एका रविवारी त्याने मोहिनीला फोन लावला.

"मशीन लावलंय. बोल आता काय बोलायचं ते."

"अरे वा. छान झालं."

"महेशचं काय?"

"चाललंय. वकिलाला भेटले."

"ये ना एकदा घरी. बसून बोलू."

"येते की. जरा धावपळ आहे, बघू." ती थांबली. तिच्यामागे कुठेतरी पाण्याचा नळ चालू होता, तोही त्याला कळला. "ठेवू?"

शब्द अगदी स्वच्छ ऐकू आला. तो "हो" म्हणाला, फोन ठेवला आणि एकट्यापुरता कुकर लावायला उठला.